वाऱ्याची सोनोग्राफी

निवृत्त होणाऱ्या माणसाला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, असा आपल्याकडे रिवाज आहे. जन्मभर घड्याळाच्या धाकात जगलेल्या माणसाला जाताना पुन्हा घड्याळच का देतात हे एक देव जाणे, पण देतात. हौसेराव जगदाळ्यांनी मात्र नवी मुंबईतल्या पावणे गावच्या केमिकल कंपनीतल्या निरोप समारंभाच्या आठ दिवस आधीच साहेबांना गाठलं आणि सांगितलं, "साहेब, घड्याळ नको. गच्चीवरून काढून ठेवलंय ते वाऱ्याचं यंत्र द्या." साहेबांना वाटलं, माणूस भावनेच्या भरात बोलतोय. हौसेराव भावनेच्या भरातच बोलत होते, पण यंत्र त्यांना खरोखर हवं होतं.

एकोणतीस वर्षं ते त्या कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट विभागात होते. वारा मोजायचं जुनं यंत्र म्हणजे तीन कटोऱ्या आणि एक शेपूट. कटोऱ्या गरगर फिरायच्या, खाडीच्या खाऱ्या हवेनं त्यांचं बेअरिंग गंजायचं आणि हौसेराव दर महिन्याला तेलाची बुधली घेऊन शिडी चढायचे. मग एक दिवस हे नवं यंत्र आलं. वर तोंड केलेली चार बोटं, समोरासमोर दोन जोड्या, मध्ये वीतभर मोकळी जागा. काही फिरत नाही, काही हलत नाही, तेलाचा थेंब लागत नाही, आणि वारा किती नि कुठून ते बिनचूक सांगतं. हौसेरावांचं त्या यंत्रावर जे मन बसलं ते बसलंच. कंपनीनं पुढे त्याहून नवं आणलं, हे अडगळीत गेलं, तेव्हा त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

यंत्र घरी आलं तेव्हा उज्वलाताईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "यावर कपडे वाळत घालायचे का?"

"अगं, वारा मोजतं ते."

"वारा आहे की नाही ते खिडकी उघडली की कळतं मला," असं म्हणून त्या पोळ्या करायला गेल्या. हौसेरावांना वाईट वाटलं, पण थोर कामाची सुरुवात घरच्यांच्या अशा बोलण्यानंच होते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

आता हे यंत्र नुसतं कपाटावर पडून राहिलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्याच सुमारास सोसायटीत वास यायला लागला.

सोसायटी नेरूळला, नाव 'पूर्वा'. बिल्डरनं जाहिरातीत 'संपूर्ण पूर्वाभिमुख' असं लिहिलं होतं, करारनाम्यात लिहिलं होतं आणि फाटकावर पितळी अक्षरांत कोरलंही होतं. चाळीसच्या चाळीस बिऱ्हाडांनी ते वाचूनच फ्लॅट घेतले होते. फाटक म्हणजे पूर्व, मागची भिंत म्हणजे पश्चिम, डाव्या अंगाला उत्तर, उजव्या अंगाला दक्षिण. ईशान्येला देव्हारे, आग्नेयेला गॅस, गच्चीवर नैऋत्येच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी. ज्या सोसायटीत पार्किंगवरून तीन जण एकमेकांशी बोलत नव्हते, तिथं निदान दिशांबद्दल एकमत होतं.

वास फेब्रुवारीपासून यायचा, आणि रोज संध्याकाळी पाच ते सात. कशाचा ते सांगता येत नव्हतं. कुजका, आंबट, मधूनच गोडसर. लगेच दोन पक्ष पडले. सुचित्राताई, ज्यांनी मोबाईलवर वास्तुशास्त्राचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता, त्यांचं म्हणणं की हा वास उत्तरेकडच्या पावण्याच्या कारखान्यांचा. सेक्रेटरी चंद्रशेखर गद्रे यांचं म्हणणं की हा वास मागच्या भिंतीपलीकडच्या काशीबाईचा. म्हणजे काशीबाईच्या जवळ्याचा.

काशीबाई गावठाणातली. मागच्या मोकळ्या प्लॉटवर ती जवळा आणि बोंबील वाळत घालायची. सोसायटीचा पाया खणला तेव्हाही घालत होती. मे अखेरपर्यंत जे वाळेल त्यावर तिचं वर्ष निघायचं, आणि गावठाणात आता घरांना घरं लागल्यामुळे वाळवायला दुसरी हातभर जागा उरली नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच गद्रेसाहेबांनी 'सदर प्लॉट तातडीने मोकळा करून मिळावा' असा महापालिकेला द्यायचा अर्ज टाइप करून ठेवला होता.

हौसेरावांची स्थिती अवघड झाली. पावण्यानं त्यांना एकोणतीस वर्षं भाकर दिली होती, आणि त्या भाकरीसोबत खायचा जवळा काशीबाईनं दिला होता. सातारकडच्या माणसाला सुकट म्हणजे काय, हे गद्र्यांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. संशय घ्यायला तिसरं कुणी मिळत नव्हतं. जानेवारीत गद्रेसाहेबांनी पंपहाऊसच्या मागे ओल्या कचऱ्याचा खत प्रकल्प सुरू केला होता खरा, पण त्याच्या पाटीवर हिरव्या अक्षरांत 'दुर्गंधीरहित' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. गद्र्यांना त्याबद्दल प्रशस्तिपत्रक मिळालं होतं आणि ते सोसायटीच्या ऑफिसात फ्रेम करून लावलेलं होतं.

"पुराव्याशिवाय अर्ज नको," हौसेराव कमिटीपुढे म्हणाले. "वारा जिकडून, वास तिकडून. आपण मोजून बघू. माझ्याकडे यंत्र आहे."

कमिटीतले सगळे एकमेकांकडे बघू लागले. त्या खोलीत आजवर कुणी काही मोजून बघू असं म्हटलं नव्हतं.

परवानगीचं सांगायचं तर ती एक वेगळीच कथा. गच्चीवर काही बसवायचं तर छापील फॉर्म भरावा लागे आणि फॉर्मात तीनच रकाने होते: अँटेना, सोलर हीटर आणि 'सणासुदीचा ध्वज, तात्पुरता'. गद्रेसाहेब नियमाचे पक्के. वाऱ्याच्या यंत्राला रकाना नाही म्हणजे नाही. दोन बैठका त्यात गेल्या. शेवटी पाडवा जवळ आहे आणि दोन्ही वस्तू काठीवरच बसतात, या मुद्द्यावर यंत्राला ध्वजाच्या रकान्यात मंजुरी मिळाली. 'वस्तूचे नाव' या जागी हौसेरावांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'अल्ट्रासोनिक मशीन'. ही त्यांची चूक होती, पण ते पुढे कळलं.

मग काठी. यंत्राच्या पोटात स्वतःचं होकायंत्र होतं. ते कसंही बसवा, उत्तर कुठे ते स्वतःच शोधून घेई. फक्त जवळपास लोखंड नको, नाहीतर होकायंत्र भरकटतं. शेजारच्या प्रसादनं सल्ला दिला, "काका, पाईप पायजे ना? कळंबोलीला जा. मिलेल ना कायपण." हौसेराव उत्साहानं कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेले आणि दुकानामागून दुकान विचारत सुटले, "पाईप आहे का? लोखंडाचा नको." लोखंडाच्या बाजारात लोखंड सोडून काहीही द्या म्हणणारा माणूस तिथं याआधी आला नसावा. एका दुकानदारानं त्यांना पंख्याखाली बसवून पाणी दिलं. दुसऱ्यानं हळूच विचारलं, "घरचं कोणी बरोबर आलंय का?" अखेर ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारागिरानं अॅल्युमिनियमचा बारा फुटी पाईप काढून दिला, आणि हौसेराव तो टेम्पोत स्वतःच्या मांडीवर घेऊन नेरूळला आले.

यंत्र बसलं. हौसेरावांनी घरात छोट्या पडद्यावर आकडे पाहिले. वारा सेकंदाला तीन मीटर, दिशा वायव्य. त्यांचे डोळे भरून आले. उज्वलाताईंनी कांदा चिरता चिरता विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "वायव्य." त्या बरं म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात आरोग्य खात्याचे एक गृहस्थ उभे. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल.

"मी गंगाराम ठाकूर. तुमच्या गच्चीवर विनानोंदणी सोनोग्राफी मशीन चालू आहे, अशी तक्रार आहे."

अल्ट्रासोनिकची सोनोग्राफी व्हायला सोसायटीच्या ग्रुपवर एक दुपार पुरली होती. हौसेरावांना आधी हसू आलं, मग राग आला, मग घाम फुटला.

"आवाजानं तपासणी होते ना त्यात?" गंगारामांनी विचारलं.

"होते."

"मग पेशंट कोण?"

"वारा."

गंगारामांनी पेन टोपणात घातलं. हौसेराव त्यांना हाताला धरून गच्चीवर घेऊन गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा मिळालेल्या श्रोत्यासमोर त्यांनी तोंड उघडलं.

"लहानपणी आम्ही माहुलीला कृष्णेत पोहायचो. घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याबरोबर गेलो की झटक्यात पोचायचो. परत येताना पाणी उरावर, तेव्हा दम निघायचा. अंतर तेच, माणूस तोच, पण वेळ वेगळा. व्हय का नाही? तर इथं पोहणारा म्हणजे आवाज. इतका बारीक की आपल्या कानाला कळत नाही. या बोटाकडून त्या बोटाकडे जातो, मग तिकडून इकडे येतो. वाऱ्याबरोबर जाताना लवकर पोचतो, वाऱ्याविरुद्ध येताना उशीर करतो. त्या दोन वेळांतला फरक मोजला की वारा किती ते कळलं."

"फरक कितीसा असणार?"

"सेकंदाचे दहा लाख तुकडे करा. बऱ्यापैकी वारा असला तर त्यातले पंधरा-वीस."

"आईशप्पथ," गंगाराम म्हणाले. "आणि दिशा?"

"म्हणून तर दोन जोड्या. एक उभी, एक आडवी. या जोडीत किती फरक, त्या जोडीत किती, दोन्हींचा मेळ घातला की वारा नेमका कुठून ते निघतं."

गंगाराम वाकले आणि त्यांनी दोन बोटांच्या मधे हलकेच फुंकर मारली. हातातल्या पडद्यावर आकडा उडाला. त्यांनी दुसऱ्या बाजूनं फुंकली, दिशा फिरली. मग त्यांनी फाईल खाली ठेवली आणि चांगली सहा-सात वेळा फुंकली. जाताना त्यांनी अहवालात लिहिलं, 'यंत्र समक्ष पाहिले. पेशंट वारा. लिंगनिदान संभवत नाही.' हौसेरावांनी त्याची झेरॉक्स मागून घेतली.

सोनोग्राफी मिटली तर कबुतर आलं. एका दुपारी यंत्र वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटर दाखवू लागलं. झाडाचं पान हलत नव्हतं, पण हौसेरावांचा यंत्रावर विश्वास होता. त्यांनी ग्रुपवर 'वादळाचा इशारा' टाकला. चाळीस बिऱ्हाडांनी वाळवणं, गाद्या, तुळशीच्या कुंड्या सगळं आत घेतलं. हौसेराव धावत वर गेले तर चार बोटांच्या मधल्या वीतभर जागेत एक कबुतर पाय पोटाशी घेऊन निवांत बसलं होतं आणि आवाज बिचारा त्याच्या अंगावर आपटून परत येत होता. त्या संध्याकाळी जिन्यात जो भेटेल तो विचारी, "काय काका, वादळ अंडी कधी घालणार?" हौसेरावांनी बोटांच्या डोक्यावर दाभणाएवढ्या प्लास्टिकच्या टोकदार काड्या बसवल्या आणि अपमान गिळला.

पण एकवीस दिवस त्यांनी वही सोडली नाही. संध्याकाळी पाच ते सात, दर दहा मिनिटांनी वारा आणि वास. वास मोजायला यंत्र नसल्यामुळे उज्वलाताईंचं नाक वापरलं. एकविसाव्या दिवशी वही उघडून पाहतात तर काय, वारा उत्तरेचा असताना वास शून्य. म्हणजे पावणे सुटलं. दक्षिणेचा असताना शून्य. आणि वारा पश्चिमेचा असला की हमखास वास. एकदाही चुकलेलं नाही. हौसेराव खुर्चीतून उठून घरभर फिरले. त्यांना कंपनीत कधी बढती मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'निष्कर्ष: पावणे निर्दोष. वास नेमका पश्चिमेकडून येतो. पुरावा वहीत.'

शंभरावर अंगठे आले. सुचित्राताईंनी 'जगदाळेकाका ग्रेट' असं लिहिलं. हौसेराव सुखानं झोपले.

सकाळी गद्रेसाहेब स्वतः अर्जाची सुधारित प्रत घेऊन आले. त्यात वाढवलेलं वाक्य असं होतं: 'आमचे तज्ज्ञ सभासद श्री. हौसेराव जगदाळे यांच्या अल्ट्रासोनिक यंत्राच्या निर्विवाद पुराव्यानुसार दुर्गंधी पश्चिमेकडील, म्हणजेच मागील प्लॉटवरील मासळीची आहे.'

'तज्ज्ञ' हा शब्द हौसेरावांनी दोनदा वाचला. मग उरलेलं वाचलं. पश्चिम म्हणजे मागची भिंत, मागच्या भिंतीपलीकडे काशीबाई. हे त्यांच्या काल रात्रीच्या आनंदात बसलंच नव्हतं.

"शनिवारी सभा आहे, ठराव होईल, सोमवारी अर्ज जाईल," गद्रे म्हणाले. "तुमच्यामुळे झालं हो, जगदाळे. नाहीतर आमचं कोण ऐकणार? सायन्स आहे म्हटल्यावर चट् उचलतील तिला."

त्या दिवशी हौसेरावांना भाकरी गोड लागली नाही. आपण ज्या बाईला वाचवायला यंत्र लावलं, तिच्याच गळ्याला त्या यंत्रानं फास लावला. आणि यंत्र तर खोटं बोलत नाही. दुपारी ते तोंड लपवत मागच्या प्लॉटवर गेले. काशीबाई जवळा वर-खाली करत होती.

"काशीमावशी, एक वाईट सांगायचंय," ते म्हणाले आणि सगळं सांगितलं. वारा, वही, पश्चिम, अर्ज.

काशीबाई रागावली नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जगदालेदादा, संध्याकालचा वारा पच्छिमचाच हाय. त्या खरा हाय. पन माजा वास त्या वाऱ्यानी तुमच्याकडं कसा येल? तो तर त्या कडंनी रस्त्यावर जातो, ठेसनाकडं. तुमची पच्छिम कंची, दादा? दिस बुडतो ती, का तुमच्या कागदावरची?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय. दिस तुमच्या त्या पान्याच्या टाकीमागं बुडतो. इतकी वरसं बगतंय मी."

हौसेरावांनी टाकीकडे मान वळवली. पंधरा वर्षं ते या इमारतीत राहत होते, पण संध्याकाळी कंपनीत असायचे, आणि निवृत्तीनंतरच्या संध्याकाळी पडद्याकडे बघण्यात गेल्या होत्या. मावळतीचा सूर्य त्यांनी इथून कधी पाहिलाच नव्हता. ते तसेच गच्चीवर गेले आणि टाकीकडे तोंड करून पावणेसातपर्यंत उन्हात बसून राहिले. सूर्य खाली खाली आला आणि मागच्या भिंतीकडे ढुंकूनही न पाहता टाकीच्या कोपऱ्यावरून उतरला. वास सुटला होता. हौसेरावांनी कठड्यावरून सरळ खाली वाकून पाहिलं. टाकीच्या बरोबर खाली पंपहाऊस, पंपहाऊसमागे हिरवी पाटी, आणि तिच्याशेजारी खताच्या खड्ड्याचं उघडं झाकण. 'रोज सायंकाळी पाच ते सात झाकण उघडे ठेवून खतास हवा द्यावी' अशी प्रकल्पाच्या पुस्तिकेत सूचना होती, आणि गद्रेसाहेब सूचना पाळणारे होते.

अडचण अशी, की हे सांगायचं तर आधी सोसायटीची पश्चिम चुकली आहे हे सांगावं लागणार होतं. आणि पश्चिम चुकली म्हणजे पूर्व चुकली. पूर्व चुकली म्हणजे देव्हारे, गॅस, पलंग, फाटकावरची पितळी अक्षरं आणि सोसायटीचं नाव, सगळंच चुकलं.

शनिवारी, एकवीस मार्चला, संध्याकाळी सहाला सभा भरली. हौसेराव उभे राहिले.

"यंत्र बरोबर आहे. मी चुकलो. पश्चिम कुठं आहे ते मी तपासलंच नाही. आपली इमारत पूर्वाभिमुख नाही. फाटक आग्नेयेला आहे."

पहिले काही क्षण कुणालाच कळलं नाही. मग सुचित्राताई उठल्या. "जगदाळेकाका, करारनाम्यात पूर्वाभिमुख लिहिलंय. रजिस्टर्ड करारनामा आहे."

"सूर्याला करारनामा दाखवला नव्हता ना, ताई."

"यंत्र कबुतराला वादळ म्हणतं," मागून कुणीतरी म्हणालं. "आणि ते सोनोग्राफीचं काय झालं?" दुसरा म्हणाला. हशा झाला. हौसेरावांचे कान तापले. कालपर्यंत तज्ज्ञ असलेला माणूस आज कबुतरवाला झाला होता. चाळीस बिऱ्हाडांच्या तोंडाकडे पाहून त्यांना एक गोष्ट स्वच्छ कळली. या लोकांचं काशीबाईशी वैर नव्हतं. पण एका बाजूला काशीबाईचा प्लॉट आणि दुसऱ्या बाजूला आपली पूर्व, असं निवडायची वेळ आली तर हात कुणाच्या बाजूनं वर होणार, हे उघड होतं.

"मतदान घेऊ," गद्रे म्हणाले.

"घ्या," हौसेराव म्हणाले. "पण गच्चीवर घ्या. पावणेसात वाजता. आज तारीख एकवीस आहे. वर्षातून दोनदाच सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो, त्यातली एक वेळ हीच. मी खोटा निघालो तर यंत्र काढून भंगारात घालीन आणि अर्जावर पहिली सही माझी."

हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. यंत्राबद्दल हा माणूस असं बोलतोय म्हटल्यावर उज्वलाताईंनीही मान वर करून पाहिलं.

अख्खी सोसायटी गच्चीवर आली. म्हातारी माणसं लिफ्टनं, बाकीचे जिन्यानं. लोक मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, कारण पंधरा वर्षांची सवय. सूर्य डाव्या हाताला होता. हळूहळू सगळ्यांच्या माना डावीकडे वळल्या. पावणेसात झाले आणि लाल गोळा टाकीच्या कोपऱ्यामागे उतरू लागला.

शेवटी गद्रेसाहेबांनी घसा साफ केला. "सूर्य सरकतो, जगदाळे. उन्हाळ्यात इकडे, हिवाळ्यात तिकडे. हे शाळेत शिकलोय आपण."

"सरकतो, साहेब. पण सरकून सरकून आज बरोबर मधे आलाय."

इतक्यात वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्याबरोबर वास आला. हौसेरावांनी हातातला पडदा वर धरला. दिशा पश्चिम. चाळीस बिऱ्हाडांनी एकाच वेळी टाकीकडे पाहिलं, मग पुढची रांग कठड्याशी जाऊन खाली वाकली. हिरवी पाटी. उघडं झाकण.

गद्रेसाहेब जिना उतरून गेले. वरून सगळ्यांना ते दिसत होते. त्यांनी चष्मा पुसला, पाटीकडे पाहिलं, मग खाली बसून दोन्ही हातांनी झाकण ओढून घेतलं आणि वरून दाबलं. पाच मिनिटांत वास विरला. वारा तसाच येत होता, पश्चिमेचाच. गद्रेसाहेब धापा टाकत परत वर आले. माणूस नियमाचा पक्का, पण खोटा नव्हता.

"लिहून घ्या," ते म्हणाले, आणि गच्चीवरच, मावळतीच्या उजेडात, सोसायटीच्या इतिहासातला सगळ्यात अवघड ठराव त्यांनी एका दमात सांगितला: "ही इमारत पूर्वाभिमुख होती, आहे व राहील. तथापि, केवळ वाऱ्याच्या प्रयोजनार्थ, पश्चिम ही सूर्य मावळतो त्या बाजूस आहे असे समजण्यात यावे. मागील प्लॉटबाबतचा अर्ज रद्द. खत प्रकल्पाच्या पाटीवरील 'दुर्गंधीरहित' हा शब्द तूर्त झाकण्यात यावा."

ठराव एकमतानं मंजूर झाला. सुचित्राताईंनी सगळ्यात आधी हात वर केला.

रविवारी सकाळी हौसेराव ठरावावर सह्या घ्यायला दारोदार गेले. जे काम गद्र्यांचं, ते त्यांनी मुद्दाम मागून घेतलं होतं. आता लोक त्यांना आत बोलावत होते, चहा देत होते. पहिल्या घरी त्यांना देव्हारा तिरका दिसला. सुताराची चूक असेल, ते मनाशी म्हणाले. दुसऱ्या घरीही तिरका. तिसऱ्या घरी भिंतीपासून चांगला वीतभर सुटलेला, आणि तोही त्याच अंगाला. चौथ्या मजल्यावर खुद्द सुचित्राताईंकडे देव्हाऱ्याच्या मागे लाकडाची पट्टी घालून तो नेटका वळवलेला होता. हौसेरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुचित्राताईंकडे पाहिलं.

"सून फरशी पुसताना हलवते," सुचित्राताई म्हणाल्या आणि सही केली.

हौसेराव घरी आले ते चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. ज्या देव्हाऱ्याला पंधरा वर्षं रोज आंघोळीनंतर हात जोडले, तो भिंतीला सोडून तिरका उभा होता. बाकीच्या घरांत होता तेवढाच.

"हा कधी वळवलास?"

"राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी," उज्वलाताई भाकरी थापत म्हणाल्या. तव्याशेजारी काशीबाईनं सकाळी भिंतीवरून दिलेल्या जवळ्याची पुडी होती. "सकाळी ऊन कुठून येतं ते दिसलं, मग वळवला. सगळ्याच वळवतात."

"मग इतके दिवस मला सांगितलं का नाहीस?"

उज्वलाताईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकले.

"तुमच्या यंत्राच्या पोटात होकायंत्र आहे म्हणालात. मला वाटलं, ते सांगेल."